किशोरवयीन मुले आणि त्यांच्या कुटुंबांसाठी समुपदेशक व्हायचे आहे. कोल्हापुरात राहून प्रशिक्षण कसे घ्यावे?

प्रश्न : कागलची शिक्षिका

नमस्कार. मी कागल तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा मुख्य विषय होता, पुढे बी.एड. करून शाळेत रुजू झाले. अलीकडे आठवी ते दहावीची मुले मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर काही ना काही सांगायला माझ्याकडे येतात आणि त्यांच्यामागोमाग पालकही येतात. मूल म्हणते, "मॅडम, घरी सांगू नका." वडील म्हणतात, "मॅडम, तुमचं ऐकतंय पोरगं, तेवढा मोबाइल ठेवून अभ्यासाला बस म्हणून तुम्हीच सांगा की." या दोघांच्या मध्ये नेमके कोठे उभे राहायचे, हे शिक्षकी पेशाच्या अनुभवातून आपोआप कळत नाही, अशी माझी आता खात्री झाली आहे.

म्हणून या कामाचे रीतसर शिक्षण घ्यायचे ठरवले आहे. नोकरी सोडणे शक्य नाही आणि घरची जबाबदारी पाहता पुण्या-मुंबईला जाऊन राहणेही जमणार नाही. दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करावे, असा विचार आहे. एका खासगी वर्गाची जाहिरातही पाहिली. शनिवार-रविवार असा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर स्वतःचे समुपदेशन केंद्र सुरू करता येते, असे त्यात म्हटले आहे. यांपैकी कोणता मार्ग धरावा? आणि दुसरे, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की मुलाबरोबर काम करणे आणि त्याच्या कुटुंबाबरोबर काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागतात का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : मानसशास्त्राचा प्राध्यापक

ताई, आधी दूरशिक्षणाविषयी लिहितो, कारण त्यात आपले पैसे आणि वेळ दोन्ही अडकू शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली असून त्यांत मानसशास्त्राचाही समावेश आहे. त्यामुळे असा प्रवेश कोणी देऊ करत असेल, तर त्या अभ्यासक्रमाची आजची मान्यता आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासल्याशिवाय शुल्क भरू नये. हा निर्णय अनेक नोकरदार विद्यार्थ्यांना जाचक वाटला आणि त्यांची अडचण मला समजते. परंतु ज्या विषयात माणसासमोर बसून शिकावे लागते, तो केवळ छापील पुस्तिकांवरून शिकवू नये, या भूमिकेशी मी सहमत आहे.

नियमित एम.ए. साठी शिवाजी विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांत चौकशी करावी. सकाळच्या सत्रात तासिका असतील आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात सवलत दिली, तर नोकरी सांभाळून हे जमवलेले शिक्षक मी पाहिले आहेत. मात्र सेवेत असताना नियमित पदवीसाठी संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी, नाहीतर पुढे त्या पदवीवरच हरकत येते. समाजकार्य हा दुसरा मार्ग आहे. कोल्हापुरात सायबर (छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च) या संस्थेत एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करता येते, आणि कुटुंबाकडे पाहण्याची दृष्टी मानसशास्त्राच्या पदवीपेक्षा समाजकार्याच्या पदवीत मला अनेकदा अधिक पक्की दिसते, कारण तेथील विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी पहिल्या वर्षापासून वस्तीत आणि घरांत जातात.

पदव्यांची आणखी एक बाब स्पष्ट असावी. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) ही वेगळी पात्रता आहे. त्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीत नाव असावे लागते. केवळ एम.ए. झालेल्या व्यक्तीने ती पाटी लावू नये. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवक यांचा समावेश २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात झालेला आहे, म्हणजे या व्यवसायालाही नोंदणी आणि ठरावीक पात्रता यांची चौकट येत आहे. आज तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर केंद्र उघडणाऱ्याला उद्या त्या चौकटीत उभे राहता येणार नाही, हे जाहिरात देणारे सांगत नाहीत.

अल्पमुदतीचे वर्ग अगदीच निरुपयोगी असतात, असे मात्र म्हणणार नाही. ठाण्याची आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था, पुण्याची ज्ञान प्रबोधिनी अशा ठिकाणी मराठीतून विचार करणारी माणसे आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवल्यामुळे हा सगळा विषय आपल्या भाषेत शिकता येतो, ही आपल्याकडची मोठी जमेची बाजू आहे. असे वर्ग मूळ शिक्षणाला जोड म्हणून घ्यावेत.

कोणत्याही अभ्यासक्रमाची पारख करताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो : माझे काम कोण तपासणार? वर्गात सिद्धान्त ऐकून परीक्षा देता येते, पण समुपदेशन अंगी येते ते सुपरव्हिजनमध्ये. आमच्याकडे विद्यार्थ्याला एका बैठकीचा शब्दशः वृत्तान्त लिहायला लावतात. कागदाचे तीन रकाने करायचे : मूल काय बोलले, मी काय बोललो आणि ते बोलताना माझ्या मनात काय चालले होते. अकरावीतला मुलगा म्हणतो, "मला सायन्स नकोच होतं." प्रशिक्षणार्थी म्हणतो, "पण आता घेतलंच आहेस, तर प्रयत्न करून बघ ना." तिसऱ्या रकान्यात तो प्रामाणिकपणे लिहितो, "याच्या वडिलांचे शुल्क वाया जाईल, अशी भीती वाटली." सुपरव्हायझर तेथेच थांबतो आणि विचारतो, की या वाक्यात तुम्ही मुलाशी बोलत होता की त्याच्या वडिलांच्या वतीने बोलत होता? त्या मुलाने पुढची दहा मिनिटे "हो", "नाही", "माहीत नाही" एवढीच उत्तरे का दिली, याचा उलगडा त्या तिसऱ्या रकान्यात होतो. असा कागद आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर लिहून घेणारा आणि तो बारकाईने वाचणारा शिक्षक जेथे मिळेल, तेथे प्रवेश घ्यावा. इमारत, नाव आणि प्रमाणपत्राचा कागद या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

उत्तर २ : राजारामपुरीतील कुटुंब समुपदेशक

सरांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमके दिले आहे. मी दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण माझे रोजचे काम तेच आहे.

होय, कुटुंबाबरोबर काम करणे वेगळे शिकावे लागते. एका व्यक्तीसमोर बसताना आपण तिचे म्हणणे समजून घेतो. कुटुंबासमोर बसताना कोण कोणाकडे पाहून बोलतो, कोणाचे वाक्य कोण पूर्ण करतो, कोणता विषय निघाला की आजी उठून पाणी आणायला जाते, हे सारे वाचावे लागते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबातील त्रिकोणाची कल्पना मांडली आहे : दोन माणसांमधला ताण असह्य झाला, की तिसऱ्याला त्यात ओढले जाते. आपल्याकडे येणाऱ्या प्रकरणांत हा तिसरा कोन बहुधा मूलच असते. आणि ताई, आपल्याकडे येणारे आई-वडील जेव्हा "तुम्हीच सांगा" म्हणतात, तेव्हा मुलाशी थेट बोलण्याचा ताण टाळण्यासाठी ते आपल्याला एका नव्या त्रिकोणात बसवत असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण आपण ती जागा स्वीकारली, की मुलाच्या लेखी आपण घरच्यांचा निरोप्या होतो.

ओळख पटू नये इतका तपशील बदलून एक उदाहरण देते. भुदरगड भागातला एक मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी शहरात आला होता, खोली घेऊन मेसच्या डब्यावर राहत होता. सहामाहीनंतर तो वर्गाला जाईना, म्हणून त्याला घरी नेले. घरी तो दिवसभर झोपे आणि रात्री जागे. वडील गोकुळ शिरगावला फौंड्रीत पाळीत कामाला, आई घरची जनावरे आणि डेअरीचे दूध बघणारी. पहिल्या भेटीला आले ते आई आणि चुलते. वडील आले नाहीत. आईने सांगायला सुरुवात केली, "काय झालंय म्हणून इचारलं तर अंगावर येतंय बगा," आणि मुलाने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

अशा वेळी नवशिक्या समुपदेशकाला वाटते, की आईला बाहेर बसवावे आणि मुलाला बोलते करावे. मी तसे केले नाही. दोघेही समोर असतानाच गोपनीयतेचा करार मोठ्याने बोलून घेतला. मुलाला म्हणाले, की तू मला एकट्याने जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, किंवा तुझ्यावर कोणी अत्याचार करत आहे असे कळले, तर मला ते योग्य ठिकाणी सांगावे लागेल, आणि सांगण्यापूर्वी मी तुला तसे कळवीन. आईला म्हणाले, की तुम्ही बाहेर भेटून "आज काय बोलला?" असे विचाराल, तेव्हा मी उत्तर देणार नाही, तुम्हाला जे जाणून घ्यायचे आहे, ते आपण तिघे बसून त्यालाच विचारू. दोघांनीही मान हलवल्यावर मगच पुढे गेले. हा करार पहिल्या दहा मिनिटांत झाला नाही, तर नंतर तो कधीच होत नाही, कारण तोवर कोणीतरी एकाने आपल्याला आपल्या बाजूला ओढलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत. मिलान येथील कुटुंबोपचारकांनी विकसित केलेली वर्तुळाकार प्रश्नांची पद्धत यात फार उपयोगी पडते. मुलाला "तू का झोपतोस?" असे विचारले, तर तो गप्प राहील. त्याऐवजी मी चुलत्यांना विचारले, "हा दिवसा झोपलेला दिसला, की घरात सर्वांत आधी काळजी कोणाला लागते?" ते म्हणाले, "वहिनींना." मग मुलाला विचारले, "आई काळजीत असली, की वडील काय करतात?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "जादा पाळी घेतात." खोलीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. वडील या वर्षभरात घरी फारसे का थांबत नाहीत आणि शहरातल्या शिकवणीचे कर्ज कोणाच्या नावावर आहे, हे विषय त्यानंतरच्या बैठकींत निघाले. वडील स्वतः यायला लागले ते चौथ्या आठवड्यापासून, आणि त्यांची पाळी सुटण्याची वेळ सांभाळून आम्ही बैठक ठरवत असू. पालक येत नाहीत अशी तक्रार आपल्या क्षेत्रात फार ऐकू येते. माझ्या मते त्यातील निम्म्या तक्रारी वेळेच्या असतात. ऊस तोडणीच्या हंगामात किंवा पाळीच्या वेळेत बैठक ठेवून वडिलांच्या अनास्थेवर बोट ठेवणे अन्यायाचे आहे.

वंशालेख काढायला अवश्य शिका. तीन पिढ्यांचे कुटुंब एका कागदावर मांडले, की घरातील निर्णय कोण घेते ते दिसते. आपल्याकडे पुष्कळ घरांत तो अधिकार आई-वडिलांकडे नसतो. तो आजीकडे, थोरल्या काकांकडे किंवा मुंबईत नोकरी करणाऱ्या आत्याकडे असतो. पाश्चात्त्य पुस्तकांतले चौकोनी कुटुंब समोर ठेवून शिकलेला समुपदेशक त्या व्यक्तीला बोलावतच नाही आणि मग ठरलेली गोष्ट घरी गेल्यावर का मोडते, हे त्याला उमगत नाही.

उत्तर ३ : रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. दुसऱ्या उत्तरातील एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. पहिली भेट कुटुंबासह घ्यावी हा सर्वसाधारण नियम ठीक आहे. परंतु मुलाच्या अंगावर खुणा असतील, ते एखाद्या नातेवाइकाच्या सोबत असताना आक्रसून बसत असेल किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी चालल्याचे कानावर आले असेल, तर आधी त्या मुलाला किंवा मुलीलाच एकटे भेटले पाहिजे. घरात ज्याची भीती आहे, त्याच्याच समोर बसवून करार केला, तर तो मुलाला गप्प राहण्याचा इशारा ठरतो.

प्रशिक्षणात कायद्याचा भाग एका व्याख्यानात उरकला जातो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तसा होण्याची शक्यता वाटली, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे समुपदेशकाची खरी कसोटी लागते, कारण सतरा वर्षांची मुलगी विश्वासाने आपल्या प्रेमसंबंधाविषयी सांगते तेव्हाही कायदा तिची संमती मानत नाही. म्हणूनच "तू काहीही सांग, कोणालाही कळणार नाही" हे वाक्य समुपदेशकाच्या तोंडी कधीही येता कामा नये. गोपनीयतेची मर्यादा ऐकून मूल काही काळ गप्प राहिले तरी चालेल. वचन देऊन ते मोडण्यापेक्षा ते बरे.

आत्महत्येच्या विचारांबाबत थेट आणि शांतपणे विचारायला शिकावे. असे विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुले सुटकेचा श्वास टाकतात. मूल होकार देत असेल, तर त्या दिवशी त्याला एकटे घरी पाठवू नये, पालकांना बोलावून घ्यावे आणि घरातील औषधे व शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगावे. खेडेगावात ही एक सूचना पाळली जाते की नाही, यावर फार काही अवलंबून असते. पुढचा भाग मानसोपचारतज्ज्ञांचा आहे. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीतूनही बोलता येते. बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. "पोलीस केस होईल" या धास्तीने कुटुंबे मुलाला रुग्णालयात आणायला उशीर करतात, त्यांना हे आवर्जून सांगावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले असून तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

प्रत्यक्ष अनुभवासाठी एक सुचवतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू असून त्यात १० ते १९ वयोगटासाठी सरकारी दवाखान्यांत स्वतंत्र सेवा आहे; आपल्या राज्यात ती मैत्री क्लिनिक या नावाने ओळखली जाते. परवानगी घेऊन तेथील समुपदेशकासोबत काही दिवस बसावे. मासिक पाळीच्या त्रासापासून व्यसनापर्यंत कोणकोणत्या वाटांनी मुले आत येतात आणि मूळ विषय किती उशिरा काढतात, हे तेथे पाहायला मिळते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कागलची शिक्षिका

आपण तिघांनीही एवढा वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दूरशिक्षणाचा विचार आता सोडला आहे. नियमित प्रवेश आणि समाजकार्य या दोन्हींची चौकशी या आठवड्यातच करते. एक शंका उरते. प्रशिक्षणाच्या काळात सरावासाठी माझ्याच शाळेतील मुले घ्यावीत का? मुख्याध्यापक तयार आहेत आणि पालकांचाही माझ्यावर विश्वास आहे.

उत्तर : राजारामपुरीतील कुटुंब समुपदेशक

आपल्या वर्गातील मुले घेऊ नयेत. ज्या हाताने आपण उत्तरपत्रिका तपासता आणि हजेरी घेता, त्याच हातात मुलाने घरचे सारे विश्वासाने ठेवावे, ही अपेक्षा त्या मुलावर ओझे टाकते. शिवाय शिक्षककक्षात त्याच मुलाच्या वर्तणुकीवर चर्चा निघाली, की आपल्याला बोलताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही. शेजारच्या शाळेशी अदलाबदल करता येते. आपण त्यांच्याकडे जावे, त्यांच्याकडील प्रशिक्षणार्थीने आपल्याकडे यावे. मुख्याध्यापकांकडून एक स्वतंत्र खोली मागून घ्या, जिचे दार शिक्षककक्षासमोर नसेल. नोंदी शाळेच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या कुलपात ठेवा, आणि पालकांचे संमतीपत्र मराठीत, साध्या वाक्यांत करून घ्या.

उत्तर : मानसशास्त्राचा प्राध्यापक

वरील सल्ला तंतोतंत पाळावा. त्यात एक भर घालतो : स्वतःच्या वर्गातील मुलांशी आजवर जसे बोलत आलात, तसे बोलणे थांबवू नका. शिक्षिकेने आस्थेने ऐकणे हे समुपदेशन नसले, तरी त्या मुलांना त्याची गरज आहे आणि त्यासाठी कोणत्याही पदवीची अट नाही. फक्त एखादे मूल आपल्या आवाक्यापलीकडचे काही सांगू लागले, तर ते ऐकून घेऊन योग्य व्यक्तीकडे सोबत जावे. शहरातील आम्ही काही समुपदेशक महिन्यातून एकदा प्रकरणांच्या चर्चेसाठी एकत्र बसतो, नावे व खुणा वगळून. प्रवेश निश्चित झाला, की येथेच कळवावे. प्रशिक्षणार्थी म्हणून बसण्याविषयी मी इतरांशी बोलून ठेवतो.